पाकिटावरचा मासा बघू नका, पाकीट उलटं करा

मालवणात राहून मी मांजराला पाकिटातलं खाणं आणते, याचं बाजारातल्या मासेवाल्या काकींना भारी हसू येतं. "गो बाय, माजराक पाकिटातला खाणा? माशे खंय गेले मगे?"

प्रश्न रास्त आहे. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, आणि एरवीही नुसत्या मासळीवर मांजर धड पोसलं जात नाही. रोज तारली-बांगड्यासारखा तेलकट मासाच दिला तर ई जीवनसत्त्व कमी पडतं. कच्च्या तारलीने बी-१ नासतं. काटे काढून नुसतं मांस दिलं की कॅल्शियम कुठून येणार? म्हणून आमच्याकडे मुख्य जेवण पाकिटातलं आणि वर चवीपुरता उकडलेला मासा, बिनमिठाचा. खारा बांगडा कितीही ओरडली तरी नाही.

आता कुठलं पाकीट? पुढे उड्या मारणारा सालमन असतो, मागे बारीक अक्षरात पहिला घटक मका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली तरी बराच अंदाज येतो. मांजर पक्कं मांसाहारी, त्याला मका चालून जातो, पण मक्याला मी माशाचा भाव का मोजू? दुसरं म्हणजे टॉरिन, मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. लेबलवर टॉरिन दिसलं नाही तर मी ते पाकीट परत ठेवते. तिसरं, 'कम्प्लीट' लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी'. दुसरं असेल तर तो खाऊ, जेवण नव्हे.

प्रोटीनच्या आकड्यात मात्र भले भले फसतात. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर ३० टक्के, ओल्या खाण्याच्या पाऊचवर ८ टक्के, म्हणजे पाऊच टाकाऊ? पाऊचमध्ये ८० टक्के पाणीच असतं. पाणी वजा केलं तर ते ८ चे ४० होतात, आणि कोरड्यातले ३० जेमतेम ३३. गुणाने पाऊच सरस, पण खिशाचं काय? चार किलोच्या मांजराला कोरडं दिवसाला साधारण ६० ग्रॅम लागतं. ४०० रुपये किलोचं असेल तर २४ रुपये. ८५ ग्रॅमचे पाऊच मात्र निदान तीन लागतात. पंचेचाळीसचा एक धरला तरी १३५ रुपये. रोज कोण घालणार? मी पाऊच अधूनमधून देते, आणि कोरड्यासोबत पाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवते.

मोठी पिशवी स्वस्त पडते हे पुण्या-मुंबईचं गणित. आमच्याकडे जुलैत पापड मऊ पडतात, तिथे सात किलोची उघडी पिशवी किती टिकणार? दाण्यांवरचं तेल खवट होतं, मुंग्या लागतात, आणि मांजर वास घेऊन निघून जातं. पावसाळ्यात छोटीच पिशवी घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुकानात सुटं मिळतं ते मी घेतच नाही. तारीखही कळत नाही आणि घटकही.

ब्रँड बदलायचा असेल तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या. आणि बोका असेल, तो मातीत वारंवार बसतोय पण लघवी होत नाहीये, तर खाण्याची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.