क्लार्कचा विक्रम म्हणजे ‘नियमांची मेहरबानी’?

३ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या केटलिन क्लार्कने ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर) पीट मॅराविच या जुन्या पुरुष खेळाडूचा कॉलेज कारकिर्दीतल्या एकूण ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला. तेव्हापासून एक युक्तिवाद फिरतोय: मॅराविचला ८३ सामने पुरले, हिला १३० लागले, त्याच्या वेळी तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) नव्हती, शिवाय हिला कोविडमुळे एक वर्ष जास्तीचं मिळालं. थोडक्यात, विक्रम नियमांच्या मेहरबानीचा.

कोविडचं आधी उरकून टाकू, कारण ते सरळ खोटं आहे. २०२०-२१ ते २०२३-२४ असे चारच हंगाम ती खेळली. पाचव्या वर्षाची सवलत होती. तिने ती घेतलीच नाही.

सामन्यांचा मुद्दा खरा आहे. मॅराविचच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून लुइझियाना स्टेटकडून त्याला तीनच हंगाम मिळाले. त्यात सरासरी ४४.२! क्लार्कची २८.४. सरासरीत तो पुढे आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण विक्रम एकूण गुणांचा आहे. ब्रॅडमनच्या ५२ कसोटी दाखवून सचिनच्या धावा कुणी रद्द केल्यात का?

आता तीन गुणांची रेषा. क्लार्कचे कॉलेजातले थ्री-पॉइंटर ५४८. प्रत्येकाचा एक गुण वजा केला तर तिचे अखेरचे ३,९५१ गुण ३,४०३वर येतात, म्हणजे मॅराविचच्या खाली. हिशेब बरोबर, निष्कर्ष मात्र लंगडा. रेषा नसती तर ती इतक्या लांबून टाकत राहिली असती का? आणि ही रेषा काही एकट्या क्लार्कसाठी आखलेली नव्हती. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती १९८६-८७पासून सर्वत्र आहे. तेव्हापासून एकाही पुरुषाला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, ३,६६७ गाठता आले नाहीत. डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस २०२३ मध्ये जवळ पोहोचला होता. त्याच्याकडे रेषाही होती, पाचवा हंगामही होता, १४४ सामनेही होते. तो ३,६६४वर थांबला. सवलतींनीच विक्रम होत असते, तर तो त्याच्या नावावर असता.

त्या युक्तिवादात न येणारी गोष्ट म्हणजे मॅराविच किती शॉट घ्यायचा. सामन्यामागे ३८ शॉट! प्रशिक्षक त्याचे वडीलच होते. (वडील प्रशिक्षक असले म्हणून चेंडू आपोआप जाळीत जात नाही, हेही खरंच.) क्लार्कने गुणांखेरीज ११४४ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) दिले, सामन्याला आठच्या वर. २०२१-२२ मध्ये गुण आणि असिस्ट दोन्हींत ती देशात पहिली होती. डिव्हिजन वनच्या महिलांमध्ये हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

खरं तर क्लार्कचा ‘सर्वाधिक’ हा शब्द खोडायचाच असेल तर त्यासाठी वेगळी आणि चांगली वाट आहे. एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेने महिलांच्या स्पर्धा १९८१-८२पासून घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या एआयएडब्ल्यू या संघटनेच्या काळातले आकडे २०२४ मध्ये एनसीएएच्या विक्रमांत धरलेच जात नव्हते. कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने १९७७ ते १९८१ मध्ये ३,६४९ गुण केले, तेही तीन गुणांच्या रेषेशिवाय आणि पुरुषांच्याच आकाराच्या चेंडूने. महिलांसाठी थोडा लहान चेंडू १९८४ मध्ये आला. मॅराविचला गाठण्याच्या चारच दिवस आधी क्लार्कने वुडर्डला मागे टाकलं होतं, पण त्याची चर्चा त्या मानाने किती कमी झाली! पर्ल मूर तर लहान कॉलेजांतून खेळली, बहुतेक काळ साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियनकडून. १९७९ मध्ये तिचं कॉलेज संपलं तेव्हा तिच्या नावावर ४,०६१ गुण होते. रेषा तिच्याही वेळी नव्हती.

क्लार्क मूरपेक्षा ११० गुणांनी मागेच राहिली. नियमांची कड घेऊन भांडणाऱ्यांच्या यादीत मूरचं नाव मात्र सहसा नसतं.