'ड्रॅगन्स डॉग्मा २'मध्ये फास्ट ट्रॅव्हल विकत घ्यावं लागतं, हे खरं नाही

'ड्रॅगन्स डॉग्मा २' हा व्हिडिओ गेम २२ मार्च २०२४ ला आला. त्याच दिवशी एक मजकूर फिरायला लागला आणि आजही या गेमचं नाव निघालं की कुणीतरी तो पुढे करतंच. त्याचा आशय साधारण असा: गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं त्यातून फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे न चालता एका जागेवरून दुसरीकडे थेट पोहोचणं, काढलं आणि तेच वेगळे पैसे घेऊन विकलं. पात्राचा चेहरा बदलायचा तर पैसे, मेलेल्याला उठवायचं तर पैसे. नवा गेम सुरू करायचा पर्याय दिला नाही, तोही याच हिशेबानं. मैलोन्‌मैल चालवलं ते तुम्ही वैतागून खिशात हात घालावा म्हणून. आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंचा शेरा 'मिक्स्ड' (संमिश्र) दिसतोय, म्हणजे गेम आपटला.

यातलं बरंचसं चूक आहे. एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्यांच्या जोरावर बाकीच्या खपून गेल्या. मला हे खटकतं ते कॅपकॉमची बाजू लावून धरायची आहे म्हणून नाही. या गेममध्ये खरे दोष होते, चांगले ठसठशीत होते, आणि या आरडाओरड्यात त्यांच्याबद्दल नीट बोलायचं राहून गेलं.

आधी फास्ट ट्रॅव्हलचं बघू, कारण सगळा आरोप त्यावरच उभा आहे.

गेममध्ये एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची तर दोन वस्तू लागतात. पोर्टक्रिस्टल ही खूण. ती जिथे ठेवाल तिथे परत येता येतं. फेरीस्टोन म्हणजे त्या उडीचं तिकीट. एकदा वापरला की संपला. व्हर्नवर्थ या राजधानीत आणि हार्व गावात कायमचे पोर्टक्रिस्टल आहेत. बाकीचे क्वेस्ट (गेममधली नेमून दिलेली कामं) करून, जग धुंडाळून मिळतात. फेरीस्टोन पेट्यांमधून सापडतात, नाहीतर दुकानात १०,००० नाण्यांना मिळतात. ही नाणी गेममधलीच, राक्षस मारून आणि सापडलेला माल विकून कमावलेली.

आता खऱ्या पैशांना वेगळ्या विकायला ठेवलेल्या वस्तूंच्या, म्हणजे डीएलसीच्या, यादीत काय होतं? एक पोर्टक्रिस्टल. एकच, आणि तो घेतला की दुसऱ्यांदा घेण्याची सोय नाही. फेरीस्टोन त्या यादीत नव्हताच. म्हणजे कुणी पैसे मोजून पोर्टक्रिस्टल घेतला, तरी उडी मारायला लागणारा दगड त्याला गेममध्येच कमवावा लागणार. वैतागलेल्या खेळाडूकडून पुन्हापुन्हा पैसे काढायचा बेत असता, तर संपणारी वस्तू विकायला ठेवली असती. इथे नेमकी तीच ठेवलेली नाही. 'पैसे दिल्याशिवाय फास्ट ट्रॅव्हल नाही' हे वाक्य या एका गोष्टीपुढे टिकत नाही.

मग चालायला का लावलं? याचं उत्तर २०१२ मध्ये सापडतं. पहिला 'ड्रॅगन्स डॉग्मा' प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हाही फेरीस्टोन होते, तेही एका वापरात संपायचे आणि महाग होते. तेव्हाही लोक पायपिटीला कंटाळले, तेव्हाही तक्रारी झाल्या. २०१३ मध्ये त्याच गेमची वाढीव आवृत्ती 'डार्क अरायझन' आली तेव्हा ज्यांच्याकडे जुनी सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) होती त्यांना कधीच न संपणारा फेरीस्टोन मिळाला. म्हणजे कॅपकॉमनं ही तक्रार एकदा ऐकली होती, आणि तरीही दुसऱ्या भागात दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी ठरवून जुन्याच वाटेनं जायचं ठरवलं. प्रवास कंटाळवाणा होतो तो गेम कंटाळवाणा असला तर, असं त्यांनी गेम येण्याआधीच मुलाखतीत मांडलं होतं. हा निर्णय पटो न पटो, तो चोरून घेतलेला नव्हता.

आणि ही रीत काही या मालिकेनं शोधलेली नाही. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये नकाशावर बोट ठेवून उडी मारता येत नव्हती. सिल्ट स्ट्रायडर नावाचे अवाढव्य किडे ठरावीक गावांमध्ये ने-आण करायचे, होड्या होत्या, आणि एक मंत्र जागेवर खूण करायचा तर दुसरा त्या खुणेपाशी परत आणायचा. पोर्टक्रिस्टल आणि फेरीस्टोन ही जोडी त्याच घराण्यातली. नंतरच्या गेमनी नकाशावरची उडी इतकी अंगवळणी पाडली की ती नसली की काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. वाटणं समजू शकतो. पण जे कधी दिलंच नव्हतं ते काढून घेऊन विकलं, असं म्हणता येत नाही.

या पायपिटीतून काय मिळतं ते एका प्रसंगातून सांगतो. मी व्हर्नवर्थहून चेकपॉइंट रेस्ट टाउनला बैलगाडीनं निघालो होतो. गाडीत बसलं की डुलकी काढायचा पर्याय येतो, तो घेतला. जाग आली ती आरडाओरड्यानं. वर ग्रिफिन, गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेला राक्षस, घिरट्या घालत होता. दुसऱ्याच क्षणी तो गाडीवर उतरला आणि गाडीच्या फळ्या झाल्या. माझा पॉन, म्हणजे गेमच चालवतो तो माझा सोबती, ओरडून सांगत होता की याचे पंख पेटतात. मी पाठीवर चढलो, पिसं धरून लटकलो, जादूगार पॉननं आग फेकली, आणि ग्रिफिननं मला घेऊनच झेप घेतली. खाली रस्ता, गाडी, पॉन सगळे लहान लहान होत गेले. दम संपत आलेला, हात सोडला तर मरण नक्की. त्यानं मला कुठल्याशा कड्यापाशी नेलं आणि तिथून मी कसाबसा उतरलो. तोवर अंधार पडला होता. या गेममध्ये रात्र खरोखर काळीकुट्ट असते, हातभर पुढचं दिसत नाही. कंदिलात तेल थोडंच उरलेलं. मार खाल्ला की कमाल आरोग्यच खाली खाली येत जातं आणि शेकोटीपाशी किंवा सराईत झोपल्याशिवाय ते भरून येत नाही, त्यामुळे अंगात जीवही अर्धाच होता.

चेकपॉइंट रेस्ट टाउनला मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. जे काम करायला निघालो होतो ते आज आठवतही नाही. हा प्रवास मात्र आठवतो. नकाशावर बोट ठेवून गेलो असतो तर यातलं काहीच घडलं नसतं, आणि हे घडावं म्हणूनच गाडी मोडणारा ग्रिफिन कुणीतरी बसून बनवला आहे. विकण्यासाठी कंटाळा तयार करायचा असेल तर माणूस इतकी मेहनत घेत नाही.

इथे एक कबूल करायला हवं. हीच वाट चौथ्यांदा चालताना त्याच वळणावर तेच गोब्लिन, पुढच्या ओढ्यापाशी तेच सरड्यांसारखे सॉरियन, असं व्हायला लागतं. बटाहल या गेममधल्या दुसऱ्या देशात गेल्यावर नवं काही भेटेल ही आशा फारशी पुरी होत नाही. शत्रूंमध्ये विविधता कमी आहे, मुख्य कथा घाईत गुंडाळल्यासारखी आहे. ज्याला चालणं कंटाळवाणं वाटलं त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि इत्सुनो यांच्याच कसोटीवर ती गेमच्या विरोधात जाते. पण ती गेमच्या घडणीवरची टीका झाली. तिला खंडणीचा आरोप चिकटवला की टीका करणाराच खोटा ठरतो.

चेहऱ्याचा मुद्दा थोडक्यात. चेहरा बदलायचं पुस्तक, 'आर्ट ऑफ मेटामॉर्फोसिस', व्हर्नवर्थच्या पॉन गिल्डमध्ये ५०० रिफ्ट क्रिस्टलना मिळतं. रिफ्ट क्रिस्टल हे गेममधलं दुसरं चलन, ते खेळताना मिळतात, दुसऱ्या खेळाडूंनी तुमचा पॉन कामाला घेतला तरी मिळतात. तेव्हा पैसे द्यावेच लागतात हे खोटं. पण सुरुवातीला दुकानात या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती होत्या, आणि तेच पुस्तक डीएलसीच्या यादीतही होतं. तिथे लोक भडकले, आणि त्यांचा राग योग्य होता. गेम आल्यावर थोड्याच दिवसांत आलेल्या पॅचनं (दुरुस्तीच्या अपडेटनं) गिल्डमधल्या प्रती ९९ केल्या. मेलेल्याला उठवणाऱ्या वेकस्टोनचंही तसंच: त्याचे तुकडे जागोजागी सापडतात आणि तीन जुळले की एक दगड होतो. मी कधी मोजून वापरले नाहीत.

नवा गेम सुरू करायचा पर्याय नव्हता, हे मात्र शंभर टक्के खरं आहे. पीसीवर आधीची सेव्ह असली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला मेनूत जागाच नव्हती. लोकांनी स्टीमची क्लाउड सेव्ह बंद करून फाइल हातानं उडवल्या. एवढ्या मोठ्या गेममध्ये हे असणं लाजिरवाणं होतं. पण यात विकायला काय होतं? यादीत 'नवा गेम' नावाची वस्तू नव्हती. पहिल्या भागातही एकच सेव्ह होती. निर्णय अंगाशी येतो आणि तो पुसता येत नाही, हा या मालिकेचा जुना हट्ट आहे. पीसीवर तो हट्ट कुणी तपासून पाहिला नाही, असं माझं मत. पुढच्या पॅचमध्ये पर्याय आला, आणि त्यासाठी कुणाला काही मोजावं लागलं नाही.

एकच सेव्ह या गोष्टीवर रागवायचंच असेल तर ड्रॅगन्सप्लेगवर रागवा. पॉनला हा रोग होतो, त्याचे डोळे लाल चमकतात, तो हुकूम ऐकेनासा होतो. हे तुमच्या लक्षात आलं नाही आणि तुम्ही सराईत झोपलात, तर सकाळी ते गाव मेलेलं असतं. दुकानदार, क्वेस्ट देणारे, सगळे. आणि मागे जायला सेव्ह नसते, कारण झोपताना तीच लिहिली गेलेली असते. कल्पना मला जबरदस्त वाटते. पण खेळाडूला सावध करणारी सूचना इतकी ओझरती होती की अनेकांना काय चुकलं तेच कळलं नाही. पुढे कॅपकॉमनं या रोगाचं प्रमाण कमी केलं. यावर त्या फिरणाऱ्या मजकुरात एक अक्षर नाही.

कॅपकॉमची खरी चूक कुठे झाली तेही सांगायला हवं. डीएलसीची २१ वस्तूंची यादी लोकांसमोर आली ती गेम खुला झाला त्याच दिवशी. तोवर बहुतेक परीक्षणं छापून झाली होती आणि त्यांत या वस्तूंचा उल्लेख नव्हता. पूर्ण किमतीला गेम घेणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी दुकानाच्या पानावर एकवीस छोट्या पाट्या दिसल्या तर तो काय समजेल? एकदा सोय विकायला मांडली की गेममधल्या प्रत्येक गैरसोयीकडे संशयानं पाहिलं जातं. इत्सुनो यांनी जाणूनबुजून ठेवलेली गैरसोय होती, आणि दुकानाच्या यादीनं तिच्यावर डाग पाडला. ती यादी नसती तर गेम कणभरही बदलला नसता. म्हणूनच ती असायला नको होती.

राहिला 'मिक्स्ड'. स्टीमवर खेळाडू गुण देत नाही, अंगठा वर किंवा खाली करतो. वर अंगठ्यांचं प्रमाण ४० ते ६९ टक्क्यांमध्ये असलं की 'मिक्स्ड' लिहून येतं. म्हणजे अनेकांना आवडला आणि अनेकांना नाही, याहून जास्त त्या शब्दातून काढता येत नाही. आपटला म्हणावं तर पहिल्या शनिवार-रविवारी स्टीमवर एकाच वेळी २,२८,००० हून जास्त लोक खेळत होते, आणि दोन आठवडे व्हायच्या आतच विक्री २५ लाख प्रतींपर्यंत गेली.

खाली अंगठा देणाऱ्यांमध्ये मोठा वर्ग होता तो गेम नीट चालत नाही म्हणणाऱ्यांचा, आणि त्यांचं म्हणणं तपासून पाहता येण्यासारखं होतं. कॅपकॉमचं आरई इंजिन, म्हणजे ज्यावर गेम उभा करतात ते सॉफ्टवेअर, २०१७ च्या 'रेझिडेंट ईव्हिल ७' पासून वापरात आलं, म्हणजे खोल्या आणि बोळ असलेल्या बंद जागांच्या गेमपासून. त्यावर इथे अख्खं उघडं जग उभं केलं. गावातल्या प्रत्येक माणसाचं शरीर आसपासच्या गोष्टींवर काय परिणाम करतं याचा हिशेब प्रोसेसर सतत करत राहतो आणि ताण तिथे पडतो, हे कॅपकॉमनं स्वतःच सांगितलं. त्यामुळे महागातलं ग्राफिक्स कार्ड असूनही राजधानीत शिरलं की फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, धाडकन खाली यायच्या. काही खेळाडूंनी तर व्हर्नवर्थमधली माणसं मारून पाहिली आणि फ्रेम वाढल्याचं दाखवून दिलं. कन्सोलवर सुरुवातीला ३० फ्रेमवर स्थिर ठेवायचाही पर्याय नव्हता, तो पॅचनं आला.

या लोकांचा खाली अंगठा आणि 'चालायला पैसे मागतात' म्हणणाऱ्याचा खाली अंगठा स्टीमनं एकाच बेरजेत धरला. फ्रेमची तक्रार करणाऱ्यांनी कुठल्या चौकात, कुठल्या प्रोसेसरवर, किती फ्रेमवरून किती झाल्या हे लिहून ठेवलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रोसेसरवरचा ताण कमी करणारा पॅच आला, तो या तक्रारीवर. दुसऱ्या तक्रारीवर पॅच निघणार कसा? जो फेरीस्टोन विकायला कधी ठेवलाच नव्हता, तो विक्रीतून काढायचा कुठून?