अवलिया भेटतो तो बैठकीमुळे

गाडीत मोबाइलवर मोठमोठ्यानं गाणी लावणाऱ्या कुणाचा व्हिडिओ फिरला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, 'युरोपात बघा, डब्यात टाचणी पडली तरी ऐकू येते.' दुसरा म्हणतो, 'ती स्मशानशांतता तुम्हालाच लखलाभ. आमच्या गाडीत माणसं भेटतात.' जर्मनीत राहून दोन्हीकडच्या गाड्या पाहिल्या की हा वाद संस्कृतीचा कमी आणि सुतारकामाचा जास्त वाटतो.

आपला स्लीपरचा डबा घ्या. दिवसा मधला बर्थ खाली केला की तिघं इकडे, तिघं तिकडे, गुडघ्याला गुडघा, आणि पॅसेजपलीकडे साइडचे दोघं. आरएसी म्हणजे तर कळसच: साइड लोअर एक आणि माणसं दोन. पाय कुणी, कधी पसरायचे हे ठरवायला तरी तोंड उघडावंच लागतं. तमाशाच्या फडाबरोबर हिंडलेला ढोलकीवाला, न विचारता हात बघणारे काका, गाडी कुठल्या सिग्नलला रखडणार हे पैजेवर सांगणारा निवृत्त गार्ड, असली वल्ली माणसं भेटतात ती या मांडणीमुळे. वंदे भारतच्या चेअर कारमध्ये तीन-दोनच्या रांगा. बहुतेकांच्या समोर चेहरा नाही, पुढच्या खुर्चीची पाठ. तिथे तोच गार्ड शेजारी असला तरी कानात इअरफोन घालून बसेल.

जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांतही मुख्यतः रांगाच, पण काही जागा टेबलाभोवती चौघांच्या. आरक्षण करताना टेबलाची जागा मागता येते आणि शांत विभागातलीही. तो विभाग ओठांवर बोट ठेवलेल्या चिन्हावरून ओळखायचा. बाकी गाडीत बोलायला कुणाची ना नाही, हे 'टाचणी'वाल्यांच्या लक्षात येत नाही. त्यात इथल्या गाड्या वेळ पाळतात हाही गैरसमजच. सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरूनही 2024 साली लांब पल्ल्याच्या जेमतेम 62.5 टक्के गाड्या वेळेवर होत्या. उशिराची घोषणा झाली की अख्खा डबा बोलका होतो. पुढची गाडी मिळेल का, फलाट कुठला? साठ मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के परत आणि दोन तास झाला तर 50, हा हिशेब तिकिटाच्या पाठीवर पेनानं मांडून दाखवणारे आजोबा हमखास निघतात. तासभर गप्प बसलेला माणूस तो हाच, यावर विश्वास बसत नाही.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांनी 2014 साली शिकागोच्या लोकल प्रवाशांवरचा अभ्यास छापला. गप्प बसलो तर बरं, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अनोळखी माणसाशी बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला.

बोलायचं कसं, याचं तंत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. सुरुवात समोरच्या गोष्टीवरून करायची: खिडकी, सामान, उशीर. आडनाव, पगार आणि लग्न हे आपले तीन लाडके प्रश्न इथे पहिल्या मिनिटात विचारले की संवाद तिथेच खुंटतो. (तिकडेही खुंटायला हवा, असं माझं मत.) उत्तरं दोन शब्दांवर आली, नजर पुस्तकाकडे वळली, की थांबायचं. माणूस कितीही रंगतदार असो, उतरणार कुठे आणि मुक्काम कुणाकडे हे सांगायचं नाही, आणि दिलेलं खायचं-प्यायचं नाही. आपल्या स्टेशनांवर ही सूचना उगाच देत नाहीत. गुंगीचं औषध देणाराही गोडच बोलतो.

मग मागायचं काय? रात्री दहानंतर आवाज नको, असं रेल्वेनं बजावलेलं आहेच. पण सगळी गाडी सदासर्वकाळ गप्प करण्यापेक्षा सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये एक डबा शांततेचा ठेवावा, तिकीट काढतानाच निवडता येईल असा. आणि उरलेल्या डब्यांत समोरासमोरच्या जागा वाढवाव्यात. 'अंमल कोण करणार, टीटीई?' हा आक्षेप येणारच. इथेही तिकीट तपासनीस त्यासाठी क्वचितच येतो. शेजारचा प्रवासी काही न बोलता चिन्हाकडे बोट दाखवतो आणि फोनवाला उठून दाराकडे जातो. त्यासाठी चिन्ह प्रत्येक खिडकीजवळ हवं, दारावरच्या एका स्टिकरनं भागत नाही.