गर्दी ओसरली तरी गिऱ्हाईक उरते

घरघर लागलेल्या समाजमाध्यमावर छोट्या व्यावसायिकाने वेळ दवडू नये, हे एका लेखात वाचलेले मत मला अर्धेच पटले. ठाण्यात नौपाड्यात आमचे फराळाचे दुकान आहे आणि अशाच एका ओस पडू लागलेल्या माध्यमावर आमचे पान आजही चालू आहे. तेथे नवे गिऱ्हाईक जवळजवळ येत नाही. परंतु परदेशी स्थायिक झालेली जुनी ठाणेकर मंडळी तेथेच रेंगाळली असून, गेल्या दिवाळीत भाजणीच्या चकल्या आणि अनारसे त्यांनी तेथूनच मागवले.

जाहिरातीसाठी मात्र मी तेथे एक रुपयाही घालणार नाही. अशी माध्यमे बंद पडतात: ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा २ एप्रिल २०१९ रोजी थांबली, आणि मराठीतून लिहिण्याची सोय देणारे, सरकारी खात्यांनीही जवळ केलेले 'कू' २०२४ मध्ये गुंडाळले गेले. दुकान हलवले तर दारावर नव्या पत्त्याची पाटी लावता येते; माध्यम बंद पडले की छायाचित्रे फार तर उतरवून घेता येतात, जमवलेले अनुयायी सोबत येत नाहीत. म्हणून तेथून मागणी आली की सौ. त्या ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक लगेच लाल वहीत टिपून ठेवते (तिचा संगणकावर मुळीच विश्वास नाही, आणि या बाबतीत ते बरेच आहे). दर आश्विनात दरपत्रक त्या वहीवरूनच व्हॉट्सअ‍ॅपने जाते. पानाच्या वाट्याला आठवड्यातला अर्धा तास येतो.