दाढ गेली, सल्ले आले

दुखत होती तोवर दाढ माझी एकट्याची होती. काढली आणि गावाची झाली. पारावर कुणी विचारलं, लवंग धरली नव्हती का? आबा म्हणाले, "कडुलिंबाची काडी सोडली की असंच होतंय." सांगणाऱ्या आबांच्या तोंडात दोनच दात, एक वर, एक खाली, तेही कधी एकमेकांना न भेटणारे.

एका दाढेनं काय बिघडतंय, असं मलाही वाटायचं. पण शेंगदाण्याच्या चटणीतला अर्धा दाणा नेमका त्या खड्ड्यात जाऊन बसतो, आणि पुढचा तासभर जीभ दुसरं काही कामच करत नाही.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा, कापूस, नळी सगळं घातलं आणि मग विचारलं, "गाव कोणतं?"

"आआव."

"मानवत का? मग पाहुणेच निघतो की आपण!"

नाही म्हणायला तोंड रिकामं नव्हतं. नातं जोडून झाल्यावर त्यांनी समजावलं. जागा रिकामी राहिली की शेजारची दाढ तिकडं कलते, वरची खाली उतरते आणि तिथलं हाड झिजत जातं. म्हणजे शेजाऱ्यानं बांध कोरावा तसंच.

काढघालीची कवळी स्वस्त, पण रात्री काढून पाण्यात ठेवायची. आमच्या मामांनी ठेवली होती तांब्यात, आणि पहाटे पाहुण्यानं तोच तांब्या तोंडाला लावला. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का दात, लावायचा तर आजूबाजूचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे. गुन्हा एकाचा, सोलपटणार दोघं! राहिलं इम्प्लांट. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, त्याला हाडानं धरायला साधारण तीन ते सहा महिने, मग वर कॅप. 1965 साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. खर्च ऐकून मी मनातल्या मनात सोयाबीनची पोती मोजली.

उरलेल्या दातांसाठी मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट आणि तंबाखू बंद. यावर दाजी उसळले, "फ्लोराइडनंच दात पिवळे पडतेत!" तेही अगदीच खोटं नाही. नांदेड, बीडकडं काही गावांत बोअरच्या पाण्यात ते इतकं असतं की लेकरांच्या दातांवर डाग पडतात. पेस्ट मात्र आपण थुंकतो. दाजी पेस्टही वापरत नाहीत अन् तंबाखूही थुंकत नाहीत.

स्क्रू बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाडानं धरलं की कॅप. मी म्हणतो, सोयाबीनला भाव आला की कॅप. बघू, आधी काय होतंय.