वाडा कोणी जपायचा?

साताऱ्याकडच्या आमच्या वाड्याचे काय करायचे यावरून घरात वर्षभर वाद चालू आहे. त्यात भाच्याने ऐकवलेले एक वाक्य मला अजून सलते : ‘आत्या, तुमच्या अमेरिकेत सरकार पैसे देते म्हणून जुनी घरे टिकतात, आम्हाला असले चोचले परवडत नाहीत.’

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहते, आणि ही समजूत किती चुकीची आहे हे दाखवणारे उदाहरण आमच्याच काउंटीत आहे. माउंट होरेब गावाजवळच्या दरीत ऑस्टन हाउगेन या नॉर्वेजियन शेतकऱ्याने 1856 मध्ये ओंडक्यांची घरे बांधून शेती सुरू केली. 1920च्या दशकात ती जागा नॉर्वेजियन वंशाच्या आयझॅक दाले या शिकागोच्या व्यावसायिकाने विकत घेतली, घरे दुरुस्त केली, जुनी भांडीकुंडी आणि सामान जमवले. पुढे ‘लिटल नॉर्वे’ या नावाने तिचे खुले संग्रहालय झाले, आणि सरकारने नव्हे तर त्याच कुटुंबाने तिकिटाच्या पैशांवर ते कैक दशके चालवले. ओंडक्यांच्या घरात सर्वांत आधी कुजतो तो जमिनीलगतचा ओंडका, कारण छपराचे पाणी तिथे उडते. छप्पर शाबूत आणि पाया कोरडा असेल तर लाकूड शतकभर हूं की चूं करत नाही. आमच्या सागवानी खांबांनाही हेच लागू आहे. दर उन्हाळ्यात कौले शाकारायला पैसा लागतो हे खरे, पण त्याहून जास्त लागते ते ‘हे माझे काम आहे’ असे मानणारे माणूस.

2012 मध्ये लिटल नॉर्वे बंद झाले, तिथे येणारे कमी झाले होते, हे भाचा मला लगेच दाखवून देईल. मग त्याने पुढचेही वाचावे. 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नॉर्वेत घडवलेली लाकडी इमारत 1935 पासून याच आवारात होती. ती घडवणाऱ्या सुतारांच्या वंशजांनी तिचा माग काढला, आणि 2015 मध्ये तुकड्यातुकड्याने उतरवून ती समुद्रापार नॉर्वेतल्या ऑर्कडालला परत नेली. जे निघून आले त्यांनी ती ऐंशी वर्षे सांभाळली, जे मागे राहिले त्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि तुम्ही कोण विचारणारे असे कोणी कोणाला म्हटले नाही.

मला मात्र ते म्हटले जाते, आणि मी इतकी चिडते त्याचे खरे कारण तेच आहे. लग्न होऊन गेलेली आणि वर परदेशी स्थायिक झालेली मुलगी म्हणून त्या ओसरीवर माझे मत पाहुणीचे ठरते. इथे तर वारसा म्हणावे असे माझे काहीच नाही, हाउगेनची घरे मी कितीही आपुलकीने पाहिली तरी. वाडा गेला तर मी कुठली, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरत नाही.

मला वाटणीत एक पैसाही नको. पुढच्या सोप्याच्या छपराचा दरवर्षीचा खर्च मी करीन, गवंडी आणि सुतार भाच्याने पाहावेत. आणि पाडायचेच ठरले तर पहिले कौल उतरण्यापूर्वी वाड्याचे मोजमाप, नकाशे आणि तुळयांवरच्या कोरीव कामाची छायाचित्रे झालीच पाहिजेत.