कानातली पाकळी

कोणती वस्तू कुठे जावी, हे इंदूरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली की ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक अशा सहा वाटण्या करून आम्ही आमचा संसार तिच्या स्वाधीन करतो, आणि स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिले आलेल्या शहराचे रहिवासी म्हणून तसे करताना छातीही थोडी पुढे काढतो. अशा शहरात, अशा शिस्तीच्या घरात, लसणाची एक पाकळी माझ्या उजव्या कानात गेली आणि तिथे दीड दिवस मुक्कामाला राहिली.

सुरुवात सराफ्यात झाली. दिवसा जिथे सोने विकले जाते, त्याच दुकानांसमोर रात्री खाण्याचा बाजार भरतो, आणि जानेवारीत तिथे जाऊन तळलेल्या गराडूच्या कंदावर जिरावन मसाला भुरभुरून खाल्ल्याशिवाय थंडी पडली असे आमच्या घरात कोणी मानत नाही. त्या शनिवारी परतताना स्कूटरवर मफलर न बांधण्याचा पराक्रम मी केला आणि रामबागेत पोहोचेपर्यंत कान ठणकू लागला.

माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आत्याच्या वैद्यकात कानाला लसूण, पोटाला ओवा आणि उरलेल्या सर्व शरीराला एरंडेल अशी तीनच औषधे आहेत. तिने एक बारीक पाकळी सोलली, तव्यावर थोड्या तेलात कोमट केली, कापसाच्या विरळ पदरात गुंडाळली आणि स्वतःच्या हाताने माझ्या कानाच्या तोंडाशी बसवली. सकाळी कापूस उशीवर सापडला. पाकळी सापडली नाही. मी रजई झटकली, पलंग सरकवला, उशीचा अभ्रा उलटा केला. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, मघापासून प्रत्येक वाक्याला तुम्ही दोनदा 'काय' म्हणताय." तिने मोबाइलचा दिवा कानावर धरला आणि जाहीर केले, "आहे! अगदी गाभाऱ्यात बसलीय." कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्याने रचली त्याची निदान कानामागे तरी थांबली होती.

रविवार असल्याने दवाखाने बंद होते आणि सल्लागार मोकळे होते. केसांचा आकडा मी स्वतः चालवला. तेलाने बुळबुळीत झालेली पाकळी त्याच्या स्पर्शाने आणखी आत सरकली. शेजारच्या काकू पिचकारीने पाणी मारायला तयार होत्या. पुतण्याने मान वाकडी करून एका पायावर उड्या मारायला सांगितले. सोमवारी सकाळी मी तुळशीवृंदावनापाशी तसा नाचत असतानाच कचऱ्याची गाडी आली आणि चालकाने आदराने विचारले, "क्या भिया, नया योगा है?"

डॉक्टर तरुण आणि मराठी होते, त्यामुळे हसू दाबण्याचा त्यांचा प्रयत्न मला पूर्णपणे कळला. त्यांनी समजावले की कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते, पण ती सरळ नसून वळणाची असते, आणि कूर्चा संपून हाड सुरू होते त्याच्या आसपास ती सर्वांत अरुंद होते. माझ्या आकड्याने पाकळीला नेमकी ती खिंड पार करून दिली होती. "पाणी घातलं नाहीत हे बरं केलंत, काका. वाटाणा किंवा हरभरा असता तर फुगून घट्ट बसला असता. आणि घड्याळातला बटणासारखा सेल असता, तर त्याने काही तासांतच कान आतून जाळला असता." एवढे सांगून त्यांनी माझा कान वर आणि मागे ओढला. आमचे गणिताचे मास्तर बरोबर याच दिशेला ओढत असत; त्याने नळी सरळ होते, हे शास्त्रीय कारण मला पन्नास वर्षांनी समजले.

मग टोकाला वाकवलेली एक नाजूक सळई आत गेली आणि मला खोकला आला. सळई बाहेर, खोकला बंद. सळई आत, खोकला सुरू. घशाकडे आणि छातीकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची एक फांदी कानातही आलेली असते, म्हणून काहींना असे होते, असे डॉक्टर म्हणाले. चौथ्या वेळी मी श्वास रोखला, आतल्या हाडावरच्या पातळ कातडीला सळई लागून डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाकळी स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. ती पिवळट आणि मऊ झाली होती. तिच्या शेंड्याला कापसाचा एक तंतू चिकटला होता.

आता माझ्यातला इंदूरकर जागा झाला. स्वयंपाकघरातून आली म्हणून ही ओल्या कचऱ्यात जाणार, की अंगातून निघाली म्हणून दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत? मी विचारल्यावर मदतनीसाने डॉक्टरांकडे पाहिले आणि डॉक्टरांनी निमूटपणे पिवळ्या पिशवीकडे बोट दाखवले.

घरी आत्याने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारले, "पण ठणका गेला की नाही?"

ठणका खरोखरच गेला होता. आता तिथे लसणाने भाजलेल्या कातडीची आग होत होती.